एकोणतीसचा पाढा

विश्वजित थोरवडेचा दिवा हिरवा लागला, तशी दारातून खूण झाली आणि बाहेर हलगी कडाडली. पाठोपाठ त्याच्या बायकोनं यंत्राची मूठ धरली आणि दिवा पिवळा लागला.

हलगीवाल्यांना आतलं काही दिसत नव्हतं, म्हणून ते वाजवतच राहिले. पण येळवाडी नगरपरिषदेच्या हॉलमध्ये रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी तो पिवळा उजेड बघितला. हर्षदानं मूठ सोडली, तळहात पदराला पुसला, पुन्हा धरली. पिवळाच. टेबलापलीकडच्या मतदान अधिकारी बाईंनी तिच्या हातात पिवळी चिठ्ठी दिली.

"मॅडम, तुमचं अजून ठरलेलं दिसत नाही," त्या अगदी कोरडेपणानं म्हणाल्या. "उद्यापासून कधीही परत या. चिठ्ठी जपून ठेवा. आमनेसामनेच्या सभेत प्रश्न विचारायचा हक्क आहे तुम्हाला."

आता बोला. अंगावर हिरवी पैठणी, कपाळावर निघताना सासूबाईंनी केलेल्या औक्षणाचं कुंकू, शेजारी फेट्यातला नवरा, आणि तो नवरा नगराध्यक्षपदाचा उमेदवार. येळवाडीत ही रीतच होती. पूजेला जोडीनं बसतात तसं उमेदवारानं पहिल्या दिवशी बायकोसोबत जोडीनं मत द्यायचं. दिव्याचं यंत्र आलं तरी रीत मोडायचं कुणाला सुचलं नाही. बायकोचा दिवा पिवळा लागेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, हर्षदाच्या तर नाहीच.

विश्वजित मोठ्यानं हसला. "घरात भाजी कुठली करायची तेसुद्धा आमच्यात दुपारपर्यंत ठरत नाही," असं म्हणून त्यानं रांगेला हसवलं. हसता हसता त्यानं तिचं कोपर असं दाबलं की बांगडी रुतली.

हे दिव्याचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. आगाऊ मतदान सुरू झालं तेव्हा लोकांना फार आवडलं होतं. पंधरा दिवसांत सवडीनं कधीही जा, मत द्या, मोकळे व्हा. पण उमेदवार समोरासमोर येतात ती आमनेसामनेची सभा शेवटच्या रविवारी. तिथं एखाद्याचं पितळ उघडं पडायचं आणि मग आधी मत देऊन बसलेले कपाळावर हात मारायचे. आमचं मत परत द्या म्हणून लोक कोर्टात गेले. दिलेलं मत परत कसं देणार? मग शास्त्रज्ञ पुढे आले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसाचं ठरलेलं नसतं तेव्हा मेंदू दोन पर्यायांमध्ये सारखा झुलत असतो, अगदी सेकंदाला कित्येकदा. हे झुलणं डोळ्याच्या बाहुलीत उतरतं आणि बोटांच्या जोरातही उतरतं. आपल्याला ते जाणवत नाही, यंत्राला जाणवतं. हातात रबरी मूठ द्यायची, समोर दोन्ही उमेदवारांचे चेहरे आलटून पालटून दाखवायचे. बोटं थरथरली की पिवळा, स्थिर राहिली की हिरवा. कुणाकडे ठरलंय हे यंत्राला कळत नाही, फक्त ठरलंय एवढंच कळतं. हिरव्यानं आत जाऊन मत द्यावं, पिवळ्यानं रविवारची सभा ऐकून मंगळवारच्या मुख्य मतदानाला यावं. त्या दिवशी दिवा लागतो, पण अडवत कुणाला नाही.

यात एक फट कुणीतरी ठेवलीच. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त गावानं मत दिलं असेल, तर कुठलाही उमेदवार रविवारची सभा नाकारू शकतो. निम्म्यांचं ठरलंय, मग मांडवाचा खर्च कशाला, असा तो युक्तिवाद. विश्वजितला ती सभा कोणत्याही परिस्थितीत नको होती.

कारण समोर होती रेहाना तांबोळी. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, गावाची तांबोळी सिस्टर. आणि सिस्टर सभेत कुठला प्रश्न विचारणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

प्रश्न दोन वर्षांपूर्वीचा होता. थोरवडेंचं बेदाण्याचं शेड होतं. द्राक्षं वाळवताना बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. धुरी झाली की धूर ओढणारा पंखा लावायचा, खोली मोकळी करायची आणि मगच कामावरच्या बायांनी बेदाण्याच्या जाळ्या काढायला आत जायचं. त्या संध्याकाळी कामावरची सुरेखा आत गेली आणि बाहेर आणली ती उचलूनच. तेव्हापासून तिला चार पायऱ्या चढल्या की बसावं लागतं. चौकशीत विश्वजित म्हणाला, पंखा चालू होता, बाईला आधीपासूनच दमा होता. दवाखान्याचा खर्च मात्र त्यानंच केला. हर्षदा त्या दिवशी भाचीच्या बारशाला माहेरी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, दारापुढच्या ओट्यावर गोणपाटात गुंडाळलेलं कसलंतरी धूड होतं ते बाजूला सारलं, रांगोळी काढली आणि आत जाऊन नवऱ्याला विचारलं, "काय झालं हो?" त्यानं सांगितलं, तिनं ऐकलं. पुन्हा कधी विचारलं नाही.

घरी आल्यावर विश्वजितनं फेटा काढून सोफ्यावर टाकला.

"सगळ्या गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस तू."

"अहो, मी काय मुद्दाम केलं? मला तुम्हालाच मत द्यायचंय. मला वाटलं ठरलंयच."

"मग यंत्र खोटं बोलतंय?"

हर्षदानं फेटा उचलून ठेवला, पण तो प्रश्न तिला सोडेना. भाजी चिरताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना ती स्वतःलाच उलटसुलट विचारत राहिली. नवऱ्याशी तिचं वाकडं काहीच नव्हतं. एकोणीस वर्षांचा संसार, माणूस निर्व्यसनी, तिच्या माहेरच्यांना मान देणारा. मग आपल्या पोटात हे कोण झुलतंय, जे आपल्यालाच ठाऊक नाही? तिला घरात बसवेना आणि बाहेर जाववेना. गल्लीतल्या बायका तिला बघून बोलायच्या थांबायच्या.

विश्वजितचा प्रचार बबन लोखंडे बघायचा. तिसऱ्या दिवशी तो उड्या मारतच आला.

"दादा, किल्ली सापडली. माझा स्वतःचा पिवळा लागला होता. म्हणजे तुमच्याबद्दल शंका नाही, पण तुम्ही मला वॉर्डाचं तिकीट दिलं नाही तो राग असेल मनात. आज परत गेलो. भीती वाटली की मला शाळेपासून सवय आहे, मनात पाढा म्हणायची. एकोणतीसचा धरला. सत्त्याऐंशीपर्यंत आलो आणि दिवा हिरवा."

त्यात शास्त्र होतंच. मेंदूत एकाच वेळी तोलायला जागा थोडी. एकोणतीसचा पाढा म्हणजे मुलखाचा अवघड, तो सगळी जागा खाऊन टाकतो, चेहऱ्यांना तोलायला काही उरतच नाही. बोटं स्थिर. यंत्राला वाटतं, माणसाचं ठरलंय.

"हर्षदा, उद्या हळदीकुंकू ठेव," विश्वजित म्हणाला. "बायकांचेच दिवे जास्त पिवळे लागताहेत. पाढा पाठ करून घे सगळ्यांकडून."

"आणि हे बरोबर आहे का?"

"पाढा म्हणायला कायद्यानं बंदी आहे का?"

आपल्या पिवळ्या दिव्याची भरपाई करायची होती तिला, दुसरं काय? तिनं हळदीकुंकू ठेवलं. वाण म्हणून स्टीलचे डबे आणले. दीडशे बायका आल्या, कुंकू लागलं, अत्तर लागलं, मसाला दूध झालं, आणि मग हर्षदा मधोमध उभी राहून म्हणाली, "एकोणतीस एके एकोणतीस." बायकांना शाळेतल्यासारखी गंमत वाटली. एकीनं लाटणं मुठीत धरून दाखवलं. चुकेल तिला बाकीच्या टपली मारत होत्या. हर्षदाही किती दिवसांनी मनमोकळी हसली.

सुरेखा मागे, भिंतीला टेकून बसली होती. निघताना हर्षदानं तिच्या हातात डबा दिला तेव्हा ती थांबत थांबत म्हणाली, "वैनी, मी म्हटलं होतं रविवारी ऐकून मग जावं. मला तेवढंच ऐकायचं होतं, पंख्याचं."

हर्षदा पुढच्या डब्याकडे वळली. वळता वळता बोलून गेली, "अगं, सभेत काय, नुसती चिखलफेक असते. जाऊन ये उद्या सगळ्यांबरोबर. मोकळी हो."

"तुम्ही म्हणताय तर जाते."

दुसऱ्या दिवशी सुरेखा शाईचं बोट घेऊन परस्पर थोरवडेंच्या दारात आली आणि पायरीवर बसली. दम खाल्ल्यावर म्हणाली, "झालं वैनी. मनात पाढा म्हटला, दिवा हिरवा. आत गेले तरी पाढा थांबंना. त्याच नादात बटण दाबलं. आता कुणाचं दाबलं म्हणाल, तर देवाशपथ मला आठवत न्हाई."

ती हसत होती. हर्षदाला हसता येईना. तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि सुरेखाचं पाणी पिऊन होईपर्यंत तिच्याकडे बघण्याचं टाळलं. या बाईला एकच गोष्ट ऐकायची होती. ऐकून काय करायचं ते तिचं तिनं ठरवलं असतं. ते आपण डब्याच्या बदल्यात काढून घेतलं, असं हर्षदाला स्पष्ट वाटलं, आणि त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवार उजाडला. हॉलबाहेरच्या फलकावर आकडा निम्म्याच्या अगदी जवळ येऊन अडला होता. बबन फिरून फिरून थकला.

"दादा, खालच्या आळीतल्या साठ-सत्तर बाया अडून बसल्यात. पाढा येतोय सगळ्यांना. पण म्हणतात, वहिनींचाच दिवा पिवळा आहे, तर आम्हाला कसली घाई? वहिनी आल्या तर आम्ही येतो."

विश्वजित तिच्याजवळ येऊन बसला. कितीतरी दिवसांनी मऊ आवाजात बोलला. "हर्षे, रविवारी ती बाई मला सगळ्या गावासमोर उभं करून सोलेल. तुला बघवेल का? चल माझ्याबरोबर. पाढा म्हण. पाच मिनिटांचं काम आहे."

ती गेली. जाणार नाही तर काय करणार? साडी बदलताना तिनं पिवळी चिठ्ठी मात्र पर्समध्ये टाकली. तिच्या मागं खालच्या आळीतल्या बाया रांगेला लागल्या. विश्वजित टेबलापर्यंत सोबत आला. तिनं मूठ धरली. पडद्यावर चेहरे सुरू झाले. विश्वजित, तांबोळी सिस्टर, विश्वजित, सिस्टर. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक...

पुढचं येईना. डोळ्यांसमोर सुरेखा पायरीवर बसलेली. दिवा पिवळा होता. हर्षदानं मूठ न सोडता मान वळवली आणि हळू विचारलं, "अहो, त्या दिवशी पंखा चालू होता का?"

"इथं काय हे? नंतर बोलू."

"नंतर नाही. मत द्यायच्या आधी."

विश्वजित दिव्याकडे बघत होता. तिच्याकडे त्यानं बघितलंच नाही. "चालू होता. तेव्हाच सांगितलं होतं ना तुला?"

आणि हर्षदाला ओट्यावरचं ते धूड दिसलं. गोणपाटात गुंडाळलेलं, दोन्ही हातांनी ढकलावं लागलं इतकं जड. पंख्याची मोटर होती ती. गोणपाटाला वायंडिंगच्या दुकानाची चिठ्ठी होती; जळली म्हणून दुरुस्तीला गेलेली आणि ती माहेरहून आली त्या सकाळीच परत आलेली. तिनं स्वतः बाजूला सारली होती, रांगोळीला जागा हवी म्हणून. मोटर ओट्यावर होती, तर आदल्या संध्याकाळी पंखा फिरला कशावर? दोन वर्षं हे तिच्या डोक्यात पडून होतं आणि तिनं तिकडे एकदाही वळून बघितलं नव्हतं.

दिवा हिरवा झाला.

विश्वजितनं सुटकेचा श्वास सोडला. मागं बायांमध्ये कुजबुज झाली, रांग पुढं सरकली. बबननं बाहेर हलगीवाल्यांना खूणसुद्धा केली. हर्षदाला मात्र इतकं शांत कधी वाटलं नव्हतं, आणि त्या शांतपणाचीच तिला धास्ती वाटली. तिचं ठरलं होतं. मतदानाचा कक्ष चार पावलांवर होता. पण आपण आत गेलो तर मागच्या सगळ्या पाढा म्हणत येणार, आणि रविवार कधी उजाडणारच नाही. आपल्याला कळलं, सुरेखाला कधी कळायचं?

"मॅडम, हिरवा आहे. जा आत," अधिकारी बाई म्हणाल्या.

"हिरवा लागला म्हणजे आजच द्यायला हवं असं आहे का?"

"तसं काही नाही. मंगळवारीही देता येईल."

"मग मी मंगळवारी देईन," हर्षदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि वळून दाराकडे चालू लागली. खालच्या आळीतल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. पहिली निघाली, मग दुसरी, मग रांगच निघाली. फलकावरचा आकडा होता तिथंच राहिला.

घरी भांडण झालंच नाही. विश्वजित जेवायच्या वेळी ताट घ्यायचा, गच्चीवर जाऊन जेवायचा. घरभर त्याच्या येरझारांचा आवाज.

रविवारी मार्केट यार्डात सभा भरली. बसायला जागा नव्हती. सिस्टरनं पाणीपट्टीवरून विश्वजितला घेरलं, त्यानं तिला रस्त्यांवरून घेरलं. मग निवेदकानं पिवळ्या चिठ्ठ्यांचे प्रश्न मागवले, आणि हर्षदा पर्समधली चिठ्ठी काढून उभी राहिली. सिस्टरच्या हातातला कागद तसाच राहिला. तिचा प्रश्न दुसरंच कुणीतरी घेऊन उभं होतं.

"माझा प्रश्न विश्वजित थोरवडे यांना आहे," हर्षदा म्हणाली. "आपल्या शेडमध्ये सुरेखा आत गेली त्या संध्याकाळी पंखा चालू होता का?"

विश्वजितनं माईक तोंडाजवळ नेला. तो "चालू होता" म्हणणार हे तिला माहीत होतं. शब्द त्याच्या ओठांवर आलेलाही तिला दिसला. पण या वेळी समोर दिवा नव्हता, तिचाच चेहरा होता. ती नवऱ्याला ओळखत होती. तिला कळलंय, हे त्याला त्या घडीला कळलं.

त्यानं माईक खाली घेतला, पुन्हा वर नेला.

"नव्हता," तो म्हणाला. "मोटर जळली होती. माल दुसऱ्या दिवशी जायचा होता. मीच म्हटलं, दार उघडं ठेवा तासभर आणि जाळ्या काढा. मला वाटलं, तेवढ्यानं भागेल."

पुढं काय काय झालं, कोण ओरडलं, कुणी खुर्ची उचलली, ते हर्षदाला धड आठवत नाही. मागच्या रांगेत सुरेखा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती आणि शाई लागलेलं बोट दुसऱ्या हातानं घासत होती, एवढं मात्र तिनं बघितलं.

मंगळवारचं मुख्य मतदान शाळेत होतं, हर्षदा एकटीच निघाली. ना पैठणी, ना हलगी. शाळेच्या फाटकाशी चिंचेखाली सुरेखा बसलेली दिसली. तिचं इथं काही काम नव्हतं.

"तू गं इथं कशी?"

"उगाच. सगळ्या देतात ते बघत बसले." सुरेखा जरा हसली. "माझं तर देऊन झालं न्हवं का, वैनी."

हर्षदा आत गेली. मूठ धरली. आपला दिवा हिरवाच लागणार याची तिला खात्री होती, शुक्रवारी ठरलं होतं ते काय बदलणार होतं? चेहरे फिरले. सिस्टर, विश्वजित. माईक खाली घेऊन पुन्हा वर नेणारा विश्वजित. दिवा पिवळा लागला.

ती बघतच राहिली. तो खोटं बोलला तेव्हा हिरवा, आणि खरं बोलला तर पिवळा. सगळ्या गावासमोर स्वतःचं वाटोळं करून घेऊन जो खरं बोलला, त्याच्यावर आता रागावायचं की त्याला जवळ घ्यायचं? आज तरी तिच्याच्यानं ते ठरणार नव्हतं.

"जा मॅडम आत. आज पिवळ्याला अडवत नाही," अधिकारी बाई म्हणाल्या.

"एक मिनिट हं," म्हणून हर्षदा तशीच मागं फिरली आणि चिंचेखाली येऊन सुरेखापुढं उकिडवी बसली.

"सुरेखा, तुझं मत मी घालवलं. माझं अजून आहे. ते आज तुझं. सांग, कुणाला देऊ?"

"असं कुठं असतं का, वैनी?"

"मी तुझं घेतलं, तेव्हा कुठं विचारलं असं असतं का म्हणून? सांग तू."

सुरेखानं शाईचं बोट चोळलं. श्वास आत घेताना तिची छाती शिट्टीसारखी वाजत होती. "दादा खरं बोलले," ती शेवटी म्हणाली. "बरं वाटलं ऐकून. दोन वर्सं सगळी म्हणायची, हिला दमाच होता. पण वैनी, खरं बोलल्यानं माझा दम काय परत आला न्हाई." ती थांबली, पुन्हा श्वास घेतला. "सिस्टरांना द्या."

हर्षदा उठली, आत गेली, बोटाला शाई लावून कक्षात शिरली. पाढा म्हणायची गरज पडली नाही. तिनं सिस्टरच्या नावापुढचं बटण दाबलं आणि बाहेर आली.

संध्याकाळी विश्वजित गच्चीवर गेला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. उद्याचा निकाल काय लागणार हे त्यालाही कळून चुकलं होतं.

"दिवा कुठला लागला?" त्यानं विचारलं.

"पिवळा."

तो थोडा सावरला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी आशेसारखं हललं. "मग मत?"

"ते सुरेखाचं होतं. तिला विचारून दिलं," हर्षदा म्हणाली. तिनं ताट वाढलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्यासमोर पाट मांडला. "पिवळा आहे तो माझा. जेवायला बसा."